काचेच्या नळीतली वीस मिनिटे

गणिताच्या तासाला आपण मुलांना एक ठरावीक उदाहरण घालतो. गाव आणि रुग्णालय यांतील अंतर ४५ किलोमीटर आहे. रुग्णवाहिकेचा वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर रुग्ण किती वेळात पोहोचेल? मुले ‘पाऊण तास’ असे उत्तर लिहितात. आपण बरोबरची खूण करतो आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतो.

कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात काही रात्री काढल्यावर मला हे उदाहरण पुन्हा सोडवावेसे वाटले. नावामागे डॉक्टर असले तरी मी औषधोपचार करणारी डॉक्टर नाही. रक्त गोठण्याच्या क्रियेत जी विकरे भाग घेतात, त्यांवर मी प्रयोगशाळेत काम करते. अकरावी-बारावीला माझ्या वर्गात असलेला एक मित्र त्या रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. “तुझी विकरं नळीत काय करतात ते तुला ठाऊक. माणसात काय करतात ते बघायचं असेल तर भातकापणीच्या दिवसांत इकडे ये,” असे तो बरीच वर्षे म्हणत होता. शेवटी एका ऑक्टोबरात गेले.

दुसऱ्याच रात्री १० वाजून ३५ मिनिटांनी एक बाई आल्या. वय पस्तिशीच्या आसपास. भाताचे भारे उचलताना पायाला साप चावला होता. पोटरीच्या वर सुंभाची दोरी करकचून बांधलेली, पाऊल सुजून टम्म झालेले आणि हिरड्यांतून रक्त येत होते. बरोबर नवरा, दीर आणि वाडीतली चार माणसे होती. माझ्या मित्राने तपासता तपासता पहिला प्रश्न विचारला, “किती वाजता चावला?” उत्तर आले, “दिवेलागणीच्या आधी.” साडेसहा धरू.

साडेसहा ते दहा पस्तीस म्हणजे २४५ मिनिटे. नातेवाइकांशी बोलून मी नंतर त्यांचा हिशेब मांडला. पहिली ७५ मिनिटे घरात आणि भगताकडे गेली. मग रुग्णवाहिका बोलवायचे ठरले, पण वाडीत मोबाइलला रेंज नाही. एक मुलगा टेपाडावर पळाला आणि फोन करून परत आला, यात २० मिनिटे. रुग्णवाहिका बाळंतपणाचा रुग्ण घेऊन दुसरीकडे गेली होती. तिची वाट पाहत बसण्यापेक्षा बाईंना झोळीत घालून दोन किलोमीटरवरच्या डांबरी रस्त्यापर्यंत आणले, त्याला ४० मिनिटे लागली. तिथून ओळखीच्या जीपने १८ किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचायला आणखी ४० मिनिटे. केंद्रात २० मिनिटे: धनुर्वाताचे इंजेक्शन, जखमेला पट्टी आणि ‘पुढील उपचारांसाठी पाठवत आहे’ अशी चिठ्ठी. एव्हाना रुग्णवाहिका मोकळी होऊन तिथे आली होती. तिने २७ किलोमीटर आणायला ५० मिनिटे.

गाडीची चाके फिरत होती ती फक्त ९० मिनिटे. उरलेली १५५ मिनिटे रुग्ण एक तर थांबलेली होती किंवा माणसांच्या खांद्यावर होती. रुग्णवाहिका ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटरने पळवली असती (घाटात ते शक्यही नाही), तरी एकूण हिशेबात फार फरक पडला नसता. ग्रामीण भागातील तातडीच्या वैद्यकीय सेवेविषयी बोलताना आपण रस्ते आणि गाड्या यांवर थांबतो. त्या लागतातच, याबद्दल वाद नाही. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये ९३७ वाहनांनिशी सुरू झाली. त्यांतली २३३ प्रगत जीवनरक्षक साधनांची होती आणि ७०४ मूलभूत साधनांची. राज्याचे क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर. सारख्या अंतरावर ठेवली असती तर एका वाहनाच्या वाट्याला सुमारे ३२८ चौरस किलोमीटर, म्हणजे १८ किलोमीटर बाजूचा चौरस आला असता. हे ऐकायला वाईट नाही. परंतु वाहने लोकसंख्या पाहून ठेवतात, त्यामुळे विरळ वस्तीच्या डोंगराळ भागात तो चौरस बराच मोठा होतो. शिवाय गाडी एक रुग्ण घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी गेली की परत येईपर्यंतचे तीन-चार तास तो संपूर्ण चौरस मोकळा राहतो. गाडीचा चालक (या सेवेत त्याला ‘पायलट’ म्हणतात) मला म्हणाला, “मॅडम, पत्ता सांगतात तो वडाच्या झाडापासनं. आता या तालुक्यात वडाची झाडं किती?”

असो. बाईंचे पुढे काय झाले ते सांगण्याआधी विषाकडे वळू.

रक्त गोठत का नाही?

आपल्याकडे माणसांचे सर्वाधिक मृत्यू ज्या चार सापांमुळे होतात ते आपल्याला ठाऊकच आहेत: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. पहिल्या दोघांचे विष मुख्यतः नसा व स्नायू यांच्या जोडावर काम करते, दुसऱ्या दोघांचे मुख्यतः रक्तावर. घोणशीच्या विषाने रक्त गोठत नाही, असे आपण वाचतो. गंमत अशी की ते विष स्वतः रक्त गोठवणारे आहे! त्यातील विकरे रक्तातील दहावा व पाचवा घटक कार्यान्वित करतात, फुरशाच्या विषातील विकर थेट प्रोथ्रॉम्बिनवर काम करते. दोन्ही वाटांनी फायब्रिनोजेन या विरघळलेल्या प्रथिनाचे फायब्रिनच्या धाग्यांत रूपांतर सुरू होते, तेही जखमेपाशी नव्हे तर सगळीकडे आणि कारणावाचून.

घरात गळती बुजवण्यासाठी सिमेंटचे एक पोते ठेवले आहे असे समजा. कुणीतरी खोडसाळपणे रात्रभर त्यातले मूठमूठ सिमेंट कालवून अंगणात टाकत राहिले, तर सकाळी छत गळू लागल्यावर पोते रिकामे सापडेल. घोणशीचे विष हेच करते. विस्कळीत, बारीक गुठळ्यांत सारा साठा खर्च होतो, त्या गुठळ्या शरीर विरघळवून टाकते, आणि मग हिरडीतून, सुईच्या भोकातून, क्वचित मेंदूतही रक्त वाहू लागले तर ते थांबवायला काही उरत नाही. मूत्रपिंडांनाही इजा होते ती निराळीच.

आता प्रश्न असा, की रात्री पावणेअकराला, रक्तपेढी नाही, तंत्रज्ञ घरी गेलेला, अशा ठिकाणी पोते रिकामे झाले आहे की नाही हे कसे ओळखायचे? माझ्या प्रयोगशाळेत यासाठी काही लाख रुपयांचे यंत्र आहे. माझ्या मित्राने कपाटातून एक कोरी, कोरडी काचेची परीक्षानळी काढली. बाईंच्या शिरेतून दोन मिलिलिटर रक्त घेऊन तीत घातले, नळी स्टँडमध्ये उभी केली, घड्याळ पाहिले आणि सिस्टरना बजावले, “वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही.”

ही वीस मिनिटांची चाचणी जगभर वापरली जाते. तत्त्व साधे आहे. काचेच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो. रक्तद्रवातील बारावा घटक त्या पृष्ठभागाशी आला की कार्यान्वित होतो, तो पुढच्या घटकाला जागे करतो, अशी साखळी चालत फायब्रिनपर्यंत जाते. निरोगी माणसाचे रक्त अशा नळीत दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होते. वीस मिनिटांनी नळी एकदाच हलकेच तिरकी करायची. दह्यासारखी घट्ट गुठळी जागची हलली नाही, तर ठीक. रक्त पाण्यासारखे ओघळले, तर साठा संपला आहे.

नळी काचेचीच हवी. प्लॅस्टिकच्या नळीत बारावा घटक पुरेसा जागा होत नाही. आणि ती साबणाने धुतलेली नको. यावरून मित्राने सांगितलेली एक हकीकत शिक्षकांसाठी मुद्दाम देते. पूर्वी तो ज्या आरोग्य केंद्रात होता, तिथल्या नळ्या संपल्या म्हणून त्याने जवळच्या हायस्कुलातून डझनभर मागवल्या. प्रयोगशाळेच्या शिपायाने डॉक्टरांना द्यायच्या म्हणून त्या साबणाच्या पावडरने लखलखीत घासून पाठवल्या. त्या रात्री आलेल्या रुग्णाचे रक्त वीस मिनिटांनी पातळच राहिले. पण रुग्णाकडे पाहता काही जुळेना. ना सूज, ना रक्तस्राव. तेव्हा मित्राने स्वतःचेच दोन मिलिलिटर रक्त तसल्याच दुसऱ्या नळीत घातले. तेही गोठले नाही! साबणाचा अदृश्य थर काचेवर बसला होता. आपण प्रयोगवहीत ‘नियंत्रित नळी’ लिहायला लावतो आणि मुले ती केवळ गुणांसाठी लिहितात. इथे तिच्यामुळे एका माणसाला विनाकारण प्रतिविष टोचणे टळले. (वर्गात मात्र रक्ताचा हा प्रयोग कोणत्याही कारणाने करू नये. रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा धोका खरा असतो.)

बाईंची नळी १० वाजून ५९ मिनिटांनी तिरकी केली. रक्त ओघळले.

चिठ्ठी का लिहिली जाते

सर्पदंशावरच्या औषधाला गावात ‘लस’ म्हणतात, पण ती लस नव्हे. लस आपल्या शरीराला प्रतिद्रव्ये तयार करायला शिकवते. प्रतिविषात घोड्याच्या शरीरात आधीच तयार झालेली प्रतिद्रव्ये असतात. भारतातले प्रतिविष या चारही सापांच्या विषांविरुद्ध एकत्रच असते, म्हणून साप मारून किंवा पकडून आणण्याची काही गरज नसते. एका कुपीत दहा मिलिलिटर औषध आणि दर मिलिलिटर घोणशीचे ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. म्हणजे एक कुपी सहा मिलिग्रॅम. मोठी घोणस एका दंशात सरासरी ६० मिलिग्रॅमच्या थोडे वर विष सोडते. भागाकार केला की सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या का देतात ते कळते. लहान मुलालाही तेवढ्याच देतात, कारण मूल लहान म्हणून साप विष कमी सोडत नाही. इतर औषधांत वजनावर मात्रा ठरवण्याची सवय झालेल्या तरुण डॉक्टरांना हे चटकन पचत नाही.

भुकटीच्या रूपातल्या प्रतिविषाला शीतकपाट लागत नाही, त्यामुळे ते प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येते. बाईंना जिथून चिठ्ठी मिळाली त्या केंद्राच्या कपाटात ते त्या रात्री होते. मग दिले का नाही?

मला आधी राग आला होता. मित्राने तो उतरवला. घोड्याची प्रथिने परकी असल्यामुळे काही रुग्णांना तीव्र प्रतिक्रिया येते. रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आवळतात आणि काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. उपाय आहे आणि तो स्वस्त आहे: मांडीत ॲड्रेनलिनचे अर्धा मिलिग्रॅमचे इंजेक्शन. पण चित्र डोळ्यांसमोर आणा. एमबीबीएस होऊन वर्षही न झालेला मुलगा बंधपत्राच्या नोकरीवर आहे. सोबत एक सिस्टर. बाहेर वीस-पंचवीस माणसे. साप चावून माणूस दगावला तर ते नशीब ठरते, सुई टोचल्यावर दगावला तर डॉक्टरने मारला असे ठरते. अशा वेळी ‘पुढे न्या’ हे दोन शब्द लिहिणे त्याच्या दृष्टीने सुरक्षित असते. माझ्या मते हा एकट्या डॉक्टरचा दोष नाही, त्याला हे करून दाखवणारा कुणी तिथे नव्हता हा आहे. जो एकदा प्रतिक्रिया पाहतो आणि ॲड्रेनलिनने ती ओसरताना पाहतो, तो पुढच्या वेळी घाबरत नाही. माझा मित्रही पहिल्या वर्षी चिठ्ठ्याच लिहीत असे, हे त्यानेच सांगितले.

त्या केंद्रात नळी आणि कुप्या यांचा उपयोग झाला असता, तर औषध नऊ पंचेचाळीसच्या सुमारास सुरू झाले असते. प्रत्यक्षात ते अकराला सुरू झाले. भगताकडची ७५ मिनिटे आणि ही ७५ मिनिटे, योगायोगाने सारखीच आहेत. पहिल्यांबद्दल आपण गावकऱ्यांना बोल लावतो, दुसऱ्यांची कुठे नोंदही होत नाही.

देशपातळीवरचे आकडे पाहिले की या मिनिटांना अर्थ येतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. सरकारी रुग्णालयांच्या नोंदी याच्या कितीतरी खाली राहतात, कारण बहुतांश मृत्यू रुग्णालयाबाहेरच होतात.

श्वास मोजत नेणारी गाडी

मण्यारीचा रुग्ण निराळा असतो, आणि रुग्णवाहिकेतल्या माणसांची खरी परीक्षा तोच घेतो. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंश दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, म्हणून अपचनाचे औषध दिले जाते. मग पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, आणि शेवटी छातीचे स्नायू थांबतात. अशा रुग्णाची काचेची नळी व्यवस्थित गोठते, म्हणून नळीवर विसंबून पापण्यांकडे पाहायचे विसरता कामा नये. नागाच्या विषाने झालेल्या लकव्यात निओस्टिग्मिनने बऱ्याचदा सुधारणा होते, कारण ते विष स्नायूच्या बाजूला अडथळा करते. मण्यारीचे विष मज्जातंतूचे टोकच निकामी करते. एकदा ते झाले की प्रतिविषानेही ते तत्काळ दुरुस्त होत नाही, टोक नव्याने वाढावे लागते. तोवर कुणीतरी रुग्णाचा श्वास चालू ठेवायचा.

मूलभूत साधनांच्या गाडीत कृत्रिम श्वासयंत्र नसते, अँबू बॅग असते. रबरी फुगा हाताने दाबायचा, मिनिटाला साधारण बारा वेळा. दीड तासाचा रस्ता असेल तर १,०८० वेळा. घाटात, वळणावर, एका हाताने मुखवटा चेहऱ्यावर घट्ट धरून. गाडीतल्या एका डॉक्टरबाईंनी मला सांगितले, की त्या रुग्णाच्या भावाला शेजारी बसवून दाबायला शिकवतात आणि दर दहा मिनिटांनी पाळी बदलतात. रुग्ण अनेकदा पूर्ण शुद्धीवर असतो, फक्त डोळे उघडू शकत नाही. म्हणून त्या त्याच्याशी बोलत राहतात, अमुक गाव गेले, आता इतकेच राहिले.

उपचार रुग्णाजवळ न्यायचा, ही कल्पना काही नवी नाही. फ्रँक पँट्रिज यांनी १९६६ मध्ये बेलफास्ट शहरात हृदयविकाराच्या रुग्णांसाठी विजेचा झटका देणारे यंत्रच गाडीत घालून घरी नेले. आपल्याकडे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात लाल विंचवाच्या दंशावर केलेले काम त्याच जातीचे आहे. या विषाने हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरते. १९८० च्या दशकात त्यांनी रक्तदाबाच्या विकारात वापरली जाणारी प्राझोसिन ही गोळी या रुग्णांना देऊन पाहिली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. गोळी तोंडाने घ्यायची, किंमत थोडी, आणि कोणत्याही आरोग्य केंद्रात ठेवता येण्यासारखी. शहरातल्या अतिदक्षता विभागाकडे रुग्ण नेण्याची त्यांनी वाट पाहिली असती, तर बरेच रुग्ण वाटेतच राहिले असते.

त्या बाईंकडे परत येते. पोटरीची दोरी मित्राने लगेच सोडली नव्हती. सलाईन लावून, प्रतिविष आणि ॲड्रेनलिन तयार ठेवून मग हळूहळू सैल केली. अशी दोरी विष अडवत नाही, पाय मात्र कुजवू शकते, आणि एकदम सोडली तर खाली साठलेले विष रक्तात घुसते. बांधूच नये, पाय लाकडी फळीने न हलेल असा ठेवावा, जोडवी-पैंजण सूज येण्याआधी काढावीत आणि रुग्णाला चालवू नये, एवढेच घरी करायचे. दहा कुप्या गेल्या. विष निष्प्रभ झाले तरी यकृताला नवे फायब्रिनोजेन तयार करायला वेळ लागतो, म्हणून चाचणी सहा तासांनी पुन्हा करतात. पहाटे पाचला नळी पुन्हा ओघळली, पुन्हा दहा कुप्या. सकाळी अकराला तिसरी नळी. तोवर मी सिस्टरशेजारी स्टूल घेऊन बसले होते. नळी तिरकी केली, गुठळी जागची हलली नाही. आयुष्यात शेकडो गुठळ्या मोजल्या आहेत, पण हात कापला तो त्याच दिवशी. लघवीचे प्रमाण नीट राहिले, मूत्रपिंडे वाचली, आणि पाचव्या दिवशी बाई घरी गेल्या. भात तोवर दिराने झोडून घेतले होते.

परत येताना त्याच तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या बाईंची गाठ पडली. त्यांना मी तो २४५ मिनिटांचा हिशेब दाखवला. त्यांनी नववीच्या वर्गाला गृहपाठ दिला: आपल्या वाडीतून रात्री दहा वाजता माणूस रुग्णालयात न्यायचा आहे. रेंज कुठे मिळते, तिथवर चालायला किती मिनिटे, रस्त्यापर्यंत उचलून न्यायला किती, गाडी कुणाकडे आहे, प्रतिविष कुठल्या केंद्रात आहे, हे सर्व विचारून बेरीज करा. महिन्याभराने त्यांनी मला वह्या दाखवल्या. रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्यावरच मिळते, हे तीन मुलांनी लिहिले होते. एका वाडीतल्या दोन मुलांची उत्तरे मात्र जुळत नव्हती, एकाचे ५० मिनिटे आणि दुसऱ्याचे २ तास १० मिनिटे. बाईंनी दोघांना बोलावून विचारले. पहिल्याने उन्हाळ्यातले उत्तर लिहिले होते, दुसऱ्याने साकव पाण्याखाली असतानाचे.